‘उरलेले धिप्पाड गडी’ आणि संघाचा हिशेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या क्रीडा पानावर अमेरिकन फुटबॉलवरचा लेख वाचला. गोव्यातल्या मराठी वाचकासाठी या खेळावर कुणीतरी अर्धे पान खर्ची घातले, त्याचे आधी कौतुक करतो आणि मग भांडतो. व्यावसायिक संघ शून्यातून उभारायचा झाला तर कोणत्या जागेचा खेळाडू आधी घ्यावा, याचा क्रम लेखकाने लावला होता. पहिला चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक, दुसरा चेंडू झेलणारा वाइड रिसीव्हर, तिसरा चेंडू घेऊन पळणारा रनिंग बॅक. बचावाच्या वाट्याला दोन ओळी आल्या. आणि क्वार्टरबॅकच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांची बोळवण ‘उरलेले धिप्पाड गडी’ अशी तीन शब्दांत झाली. पहिल्या नावाला माझी हरकत नाही. दुसऱ्यापासून आहे, आणि ती आवडीनिवडीची नाही, हिशेबाची आहे.

मी डिचोली तालुक्यातल्या एका खाण कंपनीत हिशेबनीस होतो. 2012 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या, पाठोपाठ माझी नोकरीही गेली. मुलगा न्यू जर्सीत आहे. त्याच्याकडे राहायला गेलो की हिवाळ्यात बाहेर पडायची सोय नसे, आणि रविवारी टीव्हीवर दुसरे काही लागत नसे. नातू शेजारी बसायचा. त्याने मला पहिल्याच दिवशी बजावले, “आजोबा, चेंडूकडे बघू नका. चेंडू उचलला की पुढच्या रांगेकडे बघा.” आपल्याला उलटी सवय. फातोर्ड्याच्या फुटबॉल स्टेडियमच्या गॅलरीत बसून जन्मभर चेंडूमागे मान फिरवत आलो. पण त्याचे ऐकले आणि खेळ उलगडला. आता इथे परत आल्यावरही सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, सोडत नाही. आपल्याकडे तो सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो, आणि मध्यंतर व्हायला येते तेव्हा पदेर पाव घेऊन दारात येतो, त्यामुळे सौ.चीही तक्रार नसते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, जमले तर पुन्हा चार प्रयत्न. हल्ल्याचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, लाथ मारणारे आणखी वेगळे. संघात एकूण 53 जण. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक स्पर्धेत असे 32 संघ आहेत आणि 1994 पासून सर्वांना पगाराची एकच मर्यादा आहे, तिला सॅलरी कॅप म्हणतात. 2025 साली ती प्रत्येक संघाला 27 कोटी 92 लाख डॉलर होती. म्हणजे मालक कितीही गबर असला तरी सगळेच चांगले खेळाडू घेता येत नाहीत. एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी होणार. लेखकाने क्रम लावला तो जणू तिजोरी उघडीच आहे अशा थाटात. खरा प्रश्न आहे तो कोणत्या जागेवर किती पैसे आणि ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यातली, कोणती पाळी घालावी, हा.

क्वार्टरबॅकचे आधी मिटवून टाकतो. हल्ल्याचा प्रत्येक चेंडू त्याच्या हातातून जातो, म्हणून तो पहिला. याला पुरावा म्हणून मी क्वार्टरबॅकचे नाव देणार नाही, जो थॉमसचे देईन. हा क्लीव्हलँड ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल, म्हणजे पुढच्या पाच जणांतला डाव्या टोकाचा गडी, माझ्याच पक्षाचा माणूस. 2007 च्या ड्राफ्टमध्ये तिसरा निवडलेला. सलग 10,363 डाव तो मैदानाबाहेर गेला नाही. 2023 साली हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या मालिकेत, गेला. आणि एवढ्या कारकिर्दीत त्याला बाद फेरीचा एकही सामना खेळायला मिळाला नाही, कारण त्याच्या पाठीमागे क्वार्टरबॅक येत राहिले आणि जात राहिले. तो निवडीच्या बाजूने जगातला सर्वोत्तम सौदा होता, पण मागे माणूस नव्हता. तेव्हा क्वार्टरबॅक पहिला, यावर वाद नको.

पण तो कितीला पडतो हे पाहावे लागते. 2010 च्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू सॅम ब्रॅडफर्ड. त्याचा करार सहा वर्षांचा, 7 कोटी 80 लाख डॉलरचा. मध्ये नवोदितांच्या पगाराचे नियम बदलले आणि पुढच्याच वर्षी पहिला आलेला कॅम न्यूटन चार वर्षांना सुमारे 2 कोटी 20 लाखांत मिळाला. तेव्हापासून शहाणे संघ असा हिशेब करतात की तरुण क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवर वाचलेला पैसा बाकीच्या जागांवर ओतायचा. सिअ‍ॅटल सीहॉक्सने रसेल विल्सनला 2012 मध्ये तिसऱ्या फेरीत उचलले. दुसऱ्याच हंगामात तो दहा लाख डॉलरच्याही खालच्या पगारात सुपर बोल जिंकला, 43-8 असा. वाचलेल्या पैशांत त्यांनी बचाव उभा केला होता. सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी तर 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262 वा. तोही सुपर बोलपर्यंत पोचला आणि मग 2025 मध्ये त्याचा करार पाच वर्षांना 26 कोटी 50 लाखांवर गेला. टॉम ब्रेडी या क्वार्टरबॅकचा ड्राफ्टमधला 199 वा क्रमांक सगळ्यांना पाठ आहे, तो पुन्हा सांगत नाही. यातून कुणी असे समजू नये की क्वार्टरबॅक शेवटच्या फेरीत शोधावा. ते नशीब आहे, आणि नशीब अंदाजपत्रकात धरत नाहीत.

आता दुसरा क्रमांक. इथे लेखकाशी माझे पटत नाही, आणि त्यासाठी एकच क्वार्टरबॅक घेऊन तीन अंतिम सामने मांडतो. माणूस तोच, प्रशिक्षक तोच, फरक फक्त पुढच्या पाच जणांचा.

कॅन्सस सिटी चीफ्सचा पॅट्रिक महोम्स. फेब्रुवारी 2021, समोर टँपा बे बकनिअर्स. चीफ्सचा लेफ्ट टॅकल एरिक फिशर आदल्याच सामन्यात घोट्यामागची शीर तुटून गेलेला, राइट टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीच्या दुखण्याने ऑक्टोबरपासून बाहेर. दोन्ही टोकांना बदली माणसे. त्या दिवशी महोम्सवर 29 वेळा दबाव आला, सुपर बोलमधला तो विक्रम ठरला. फेकण्यापेक्षा जीव वाचवायलाच तो जास्त पळाला. एक चेंडू त्याने जमिनीला समांतर पडता पडता फेकला, तो नेमका सहकाऱ्याच्या हेल्मेटच्या जाळीवर जाऊन आदळला. फेक चुकली नव्हती. पण झेलणाऱ्यालाही असा चेंडू येईल हे खरे वाटले नसावे. चीफ्सना एकही टचडाउन करता आला नाही, म्हणजे चेंडू एकदाही शेवटच्या रेषेपलीकडे नेता आला नाही. 31-9. त्या संघात झेलायला टायरीक हिल होता, ट्रॅव्हिस केल्सी होता. लेखकाच्या क्रमाप्रमाणे पहिला आणि दुसरा, दोन्ही क्रमांक उत्तम भरलेले होते.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांनी अख्खी रांग बदलली. जो थूनीला पाच वर्षांना 8 कोटी डॉलर देऊन आणले, ऑर्लँडो ब्राउनला बाल्टिमोरकडून घेतले, क्रीड हम्फ्री दुसऱ्या फेरीत आणि ट्रे स्मिथ सहाव्या फेरीत मिळाला. आणि मार्च 2022 मध्ये त्यांनी काय केले? तोच टायरीक हिल, खेळातला सर्वांत वेगवान रिसीव्हर, मायामीला देऊन टाकला आणि बदल्यात ड्राफ्टच्या पाच पाळ्या घेतल्या. तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढले. फेब्रुवारी 2023 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सशी गाठ पडली. ईगल्सच्या बचावाने त्या हंगामात 70 वेळा विरुद्ध क्वार्टरबॅकला लोळवले होते. अंतिम सामन्यात महोम्सला एकदाही नाही. चीफ्स 38-35 ने जिंकले. त्यानंतरचे वर्षही त्यांचेच.

मग फेब्रुवारी 2025. पुन्हा ईगल्स. आता चीफ्सकडे भरवशाचा लेफ्ट टॅकल उरला नव्हता. म्हणून थूनीला त्याच्या नेहमीच्या आतल्या जागेवरून उचलून टोकाला उभा केलेला. एक माणूस सरकवला की दोन जागा कच्च्या होतात, हे आपल्याकडच्या कोणत्याही कचेरीत दिसते. महोम्सला सहा वेळा पाडले. मध्यंतराला 24-0. शेवटी 40-22. पदेर आला तेव्हा माझ्या दृष्टीने सामना संपला होता.

त्या सामन्यात आणखी एक गोष्ट होती, ती लेखकाने बचावाला दिलेल्या दोन ओळींत बसली नसती म्हणून इथे सविस्तर लिहितो. क्वार्टरबॅकवर सहसा चार जण धावून जातात. ते कमी पडले की पाचवा, सहावाही पाठवतात, त्याला ब्लिट्झ म्हणतात. पण जितके पुढे पाठवाल तितके मागे झेलणाऱ्यांवर नजर ठेवायला कमी. ईगल्सनी त्या संपूर्ण सामन्यात एकदाही ब्लिट्झ केला नाही. चारच गेले. पाच जणांना चौघांनी फोडले आणि मागे सात जण निवांत पहारा देत उभे राहिले. महोम्सने मान वर केली की समोर मोकळा माणूस नाही, आणि अडीच-तीन सेकंदांत अंगावर कुणीतरी आलेला. संघ उभारताना मी क्वार्टरबॅकनंतर दोनच गोष्टींना पैसे देईन ते याच कारणासाठी : त्याला वाचवणारे आणि समोरच्याच्या क्वार्टरबॅकला पाडणारे. बाजारालाही यातली अर्धी गोष्ट कळलेली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये ग्रीन बे पॅकर्सने मायका पार्सन्सला वर्षाला 4 कोटी 70 लाख डॉलर दिले आणि वर त्याच्या जुन्या डॅलस संघाला पहिल्या फेरीच्या दोन पाळ्या आणि एक खेळाडू. पार्सन्स चेंडू फेकत नाही, झेलत नाही. तो फेकणाऱ्याच्या मागे लागतो.

डाव्या टोकाला एवढे महत्त्व का, हेही सांगायला हवे. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकताना डावा खांदा पुढे काढतो, त्यामुळे त्याची पाठ डावीकडे होते. तिकडून येणारा त्याला दिसत नाही. 18 नोव्हेंबर 1985 च्या रात्री वॉशिंग्टनच्या जो थाइसमनचा पाय न्यू यॉर्क जायंट्सच्या लॉरेन्स टेलरखाली मोडला आणि थाइसमन पुन्हा खेळला नाही. टीव्हीवर सगळ्या देशाने ते पाहिले. टेलरसारखे धावून येणारे वाढले तसा त्यांना अडवणारा माणूस महाग झाला. आज मात्र धावून येणारा उजवीकडूनही येतो आणि मधूनही येतो, म्हणून नुसता लेफ्ट टॅकल घेऊन भागत नाही. रांग पाचांची आहे आणि ती सर्वांत कच्च्या माणसाइतकीच पक्की असते. झेलणाऱ्यांचे तसे नाही. तिघांतला एक बरा नसला तर चेंडू दुसऱ्याकडे जातो.

आता माझ्या विरुद्ध जाणारे उदाहरण. लेखकाने ते दिले नाही, म्हणून मीच देतो.

2021 च्या ड्राफ्टमध्ये सिनसिनाटी बेंगाल्सची पाचवी पाळी होती. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक जो बरो आदल्या नोव्हेंबरात गुडघा फाटून पडलेला. समोर दोन माणसे : पेनाय सूएल हा टॅकल, आणि जमार चेस हा रिसीव्हर, जो कॉलेजात बरोचाच जोडीदार होता. अमेरिकेतले निम्मे पंडित ओरडत होते, अरे, त्याचा गुडघा वाचवा, सूएल घ्या. बेंगाल्सनी चेस घेतला. सूएल सातव्या पाळीवर डेट्रॉइटला गेला. आणि त्याच हंगामात बेंगाल्स थेट सुपर बोलमध्ये! चेसने 1,455 यार्ड केले, वर्षातला सर्वोत्तम नवोदित ठरला. टेनेसीविरुद्ध बरो नऊ वेळा आडवा झाला, तरी सामना 19-16 असा त्यांनीच काढला. लेखक इथे मला हसू शकतात, आणि हसावे.

पण त्या सुपर बोलचा शेवट बघा. फेब्रुवारी 2022, समोर लॉस एंजेलिस रॅम्स. बेंगाल्स 20-23 ने मागे, मिनिटभरापेक्षा कमी वेळ, चौथा प्रयत्न, हवे फक्त एक यार्ड. चेंडू बरोच्या हातात आला. वर एका कडेला चेसवर लक्ष ठेवणारा जेलन रॅम्झी अडखळला आणि चेस मोकळा सुटला. त्याच्या पुढे कुणी नव्हते. तिकडे चेंडू गेला असता तर आज आपण वेगळे काही लिहीत असतो. पण मधोमध उभा होता आरन डोनाल्ड, रॅम्सचा. त्याने समोरच्या गार्डला, म्हणजे रांगेतल्या आतल्या माणसाला, बाजूला सारले आणि बरोच्या कमरेला मिठी घातली. बरोने गरगर फिरत चेंडू कसाबसा भिरकावला, तो कुणाच्याच हाती लागला नाही. सामना तिथे संपला. त्या दिवशी बरोला सात वेळा पाडले होते, आणि त्या हंगामात बाद फेरीसकट 70 वेळा. जगातला उत्तम रिसीव्हर मोकळा, जगातला उत्तम फेकणारा त्याला पाहू शकेल अशा जागी, आणि मधल्या एका गार्डला दीड सेकंद जास्त तग धरता आली नाही.

नातवाने तो डाव मला फोनवर थांबवून थांबवून दाखवला. चेस पडद्याच्या एका कडेला, डोनाल्ड मधे. त्यालाही चेसच आवडतो, हे मुद्दाम सांगतो. बेंगाल्सनी त्यानंतर काय केले? मार्चमध्ये बाजार उघडल्याबरोबर तीन लाइनमन, म्हणजे त्या पुढच्या रांगेतले गडी, विकत घेतले. त्यांना चेस घेतल्याचा पस्तावा झाला असे मी म्हणत नाही, होऊही नये. पण उरलेले धिप्पाड गडी कोण, ते त्यांना नीट समजले.

रिसीव्हर महाग असतो, हे लेखकाचे म्हणणे खरे आहे. 2025 मध्ये चेसला वर्षाला 4 कोटी डॉलरच्या वर करार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी सूएलला मिळाला तो वर्षाला 2 कोटी 80 लाखांचा, आणि तो टॅकलमधला तेव्हाचा उच्चांक होता. मी हिशेबनीस असल्यामुळे मला यात लेखकाच्या उलटे दिसते. सूएल हल्ल्याच्या प्रत्येक डावाला, म्हणजे सामन्यात साठेक वेळा, समोरच्याशी भिडतो. चेसकडे चेंडू येतो दहा-बारा वेळा, तेही बरो उभा राहिला तर. जो माल रोज लागतो आणि बाजारात अजून स्वस्त आहे तो आधी भरून ठेवायचा. माझ्या मालकाने मला पगार दिला तो एवढ्याचसाठी.

एक बारीक गोष्ट इथेच. करारातले मोठमोठे आकडे वाचून भुलू नये. साइनिंग बोनस खेळाडूच्या हातात आज पडतो, पण कॅपच्या वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांवर विभागून दाखवतात. त्यामुळे एखाद्या संघाने यंदा सगळ्यांनाच कसे घेतले असा अचंबा वाटतो, आणि तीन वर्षांनी तोच संघ भले खेळाडू सोडून देताना दिसतो. कर्ज तेव्हा फिटत असते. अशी वही मी आयुष्यभर पाहिली, फक्त त्यात डॉलर नव्हते.

रनिंग बॅकला तिसरा क्रमांक दिला, त्यावर मात्र मी गप्प बसणार नाही. रस्ता मोकळा असला की भाड्याने मागे बसवून नेणारा कोणताही मोटारसायकल पायलट तुम्हाला म्हापशाहून पणजीला वेळेत पोचवतो. मांडवीच्या पुलावर वाहने अडली की सर्वांत पट्टीचा पायलटही तुमच्यासारखाच हॉर्न ऐकत बसतो. सॅक्वन बार्कलीला न्यू यॉर्क जायंट्सनी 2018 मध्ये दुसऱ्या पाळीवर घेतला. सहा हंगामांत तो संघ एकदाच बाद फेरीत गेला. 2024 मध्ये तो शेजारच्या ईगल्सकडे आला, तीन वर्षांना 3 कोटी 77 लाख 50 हजार डॉलरवर, आणि पहिल्याच हंगामात 2,005 यार्ड पळून विजेता झाला. पाय तेच होते. पुढे जॉर्डन मायलाटा, लँडन डिकरसन, कॅम जर्गन्स, मेकाय बेक्टन आणि लेन जॉन्सन होते. ही पाच नावे मी मुद्दाम पूर्ण लिहिली आहेत, संपादकांनी कृपया कापू नयेत.

त्यातल्या मायलाटाची कथा आपल्या पोरांना सांगण्यासारखी आहे. सिडनीचा, सामोआच्या आईबापांचा मुलगा, रग्बी खेळणारा. सहा फूट आठ इंच, दीडशे किलोंच्या वर. 2018 मध्ये ईगल्सनी त्याला सातव्या फेरीत, 233 व्या क्रमांकावर घेतला तेव्हा त्याने अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. त्याला उभे कसे राहायचे इथपासून शिकवले. म्हणजे डाव्या टोकाचा माणूस पहिल्या फेरीतच मिळतो असेही नाही. पण शिकवायला चांगला गुरुजी हवा, आणि ईगल्सकडे लाइनचा जेफ स्टाउटलँड नावाचा प्रशिक्षक होता. संघ उभारताना लाइनच्या प्रशिक्षकाचा पगार कॅपमध्ये धरत नाहीत. मी मालक असतो तर तिथे हात आखडता घेतला नसता.

बाकीच्या जागा पटकन. झेलणाऱ्यांवर पहारा देणारे कॉर्नरबॅक चांगले हवेत, पण पुढचे चौघे जबर असले तर मागच्यांना कमी वेळ पहारा द्यावा लागतो, तेव्हा आधी चौघे. बचावाच्या मधल्या फळीतला लाइनबॅकर आणि सर्वांत मागचा सेफ्टी बाजारात हुडकून मिळतात. ईगल्सनी 2024 मध्ये झॅक बॉनला एका वर्षासाठी 35 लाख डॉलरला आणला, आणि तो देशातल्या सर्वोत्तम अकरांत गेला. टाइट एंड, म्हणजे रांगेच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही, केल्सीसारखा सापडला तर सोने, एरवी अडत नाही.

गोव्यात हा क्रम उलटा का लागतो ते मला ठाऊक आहे. आपल्या धेंपो फुटबॉल क्लबने पाच वेळा देशाचे विजेतेपद आणले, आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली. आजही आमच्या तिठ्यावर नाव निघते ते रँटी मार्टिन्सचे आणि बेटोचे. मागे महेश गवळी आणि समीर नाईक उभे होते हे ज्यांनी सामने पाहिले त्यांनाच आठवते. तरी आपल्या फुटबॉलमध्ये बचावाच्या माणसाकडेही चेंडू येतो, एखादा कॉर्नरवर डोके लावून गोलही करतो. अमेरिकन फुटबॉलच्या लाइनमनला नियमानेच पुढे जाऊन पास झेलता येत नाही, पंचाला सांगून खास परवानगी घेतली तरच. त्याच्या नावापुढे धावा नाहीत, यार्ड नाहीत, टचडाउन नाहीत. सामन्यानंतरच्या तक्त्यात तो सापडतच नाही. लेखकाने तक्ता समोर ठेवून क्रम लावला असावा असा मला दाट संशय आहे.

एका ठिकाणी मात्र लेखकाचा क्रम बरोबर ठरेल. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर फ्लॅग फुटबॉलही येतो आहे. त्यात पाच-पाच खेळाडू, कमरेला लटकलेली पट्टी ओढली की डाव संपला, धक्काबुक्की नाही, अडवणे नाही. म्हणजे रांगच नाही. तिथे क्वार्टरबॅक आणि चपळ झेलणारे, एवढ्यावर संघ उभा राहतो. माझा नातू तोच प्रकार खेळतो आणि अर्थातच त्याला क्वार्टरबॅक व्हायचे आहे. आमच्या शाळांत उद्या हा खेळ आणायचे कुणाच्या मनात आले तर मैदान लहान लागते, सामान जवळजवळ लागत नाही, मुलीही खेळू शकतात. भात कापून झालेल्या मळ्यातसुद्धा होईल. पण व्यावसायिक संघाचा विषय काढलात तर पट्टी ओढून भागत नाही.

आपल्या लेखकांना माझी विनंती आहे की पुढच्या सुपर बोलआधी त्यांनी दुसरा लेख लिहावा, आणि त्यात दोन्ही संघांच्या पाच-पाच लाइनमनची नावे, कोण दुखापतीने बाहेर आहे आणि त्याच्या जागी कोण उभा राहणार, एवढे तरी छापावे. त्या दहा नावांवरून सामन्याचा अंदाज मी पहाटे पाचच्या आधी बांधून दाखवतो. पैज नको, चहा चालेल.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
मये, डिचोली.

ता. क. : लेखात किकरचा, म्हणजे लाथ मारणाऱ्याचा, उल्लेखच नव्हता. जानेवारी 1991 मध्ये बफेलो बिल्सच्या स्कॉट नॉरवूडची 47 यार्डांची किक खांबाच्या उजवीकडून गेली आणि सुपर बोल 20-19 ने हातचा गेला. मी किकरला पहिल्या चार फेऱ्यांत घेणार नाही. बेंगाल्सनी 2021 मध्ये एव्हन मॅकफर्सनला पाचव्या फेरीत घेतला, आणि टेनेसीला त्या 19-16 मध्ये हरवणारी शेवटची किक त्याचीच होती. पाचवी फेरी मला रास्त वाटते.